एक्सेलची ओळ वेब-फॉर्ममध्ये, एका शॉर्टकटवर : माझा अनुभव

काम असं होतं. एक्सेलच्या यादीतली एक ओळ घ्यायची, तिच्यातले सहा रकाने ब्राउझरमधल्या फॉर्ममध्ये भरायचे, परत एक्सेलला यायचं आणि पुढची ओळ घ्यायची. हाताने केलं तर एका नोंदीला सहा कॉपी, सहा पेस्ट आणि बारा वेळा खिडकी बदलणं. वेळ जातोच, पण खरी भीती चूक होण्याची असते. पेस्ट झालंच नाही आणि आधीच्या नोंदीची रक्कम तशीच राहिली, तर ते नजरेला दिसत नाही, कारण आकडा दिसायला ठीकच असतो.

हे काम मी ऑटोहॉटकीवर बसवलं. आपण लिहून दिलेल्या आज्ञांच्या यादीप्रमाणे, म्हणजे स्क्रिप्टप्रमाणे, कळा आपोआप दाबणारं विंडोजसाठीचं हे मोफत, मुक्तस्रोत साधन 2003 पासून आहे. कळा पाठवायला ते अर्ध्या तासात शिकता येतं. मेहनत लागते ती पुढची कळ पाठवण्याआधी समोरची खिडकी तयार आहे का, हे स्क्रिप्टला ओळखायला लावण्यात. पुढचं बहुतेक त्याबद्दलच आहे. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत; स्क्रिप्टमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची.

आधी आवृत्तीचं. डिसेंबर 2022 मध्ये 2.0 आली आणि भाषेची मांडणी बदलली. इंटरनेटवरची जुनी उदाहरणं बरीचशी 1.1 ची आहेत आणि 2.0 वर ती चालत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. आज्ञेच्या नावानंतर लगेच स्वल्पविराम, पुढचा मजकूर अवतरणचिन्हांशिवाय आणि व्हेरिएबलच्या (किंमत साठवायला दिलेल्या नावाच्या) दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह दिसलं, की ते जुनं समजायचं. नव्यात मजकूर अवतरणात आणि व्हेरिएबल नुसतं असतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने 2.0 च घ्यावी. फाइलच्या पहिल्या ओळीत ‘#रिक्वायर्स’ लिहून आवृत्ती नोंदवली, की चुकीच्या आवृत्तीवर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. दुसऱ्या ओळीत ‘#सिंगलइन्स्टन्स फोर्स’ ठेवते. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये बदल करून पुन्हा चालवल्यावर जुनी प्रत न विचारता बंद होते.

शॉर्टकट लिहायला चार चिन्हं पुरतात : ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे ऑल्ट, + म्हणजे शिफ्ट, # म्हणजे विंडोजची कळ. चिन्ह, मग अक्षर, मग दोन अपूर्णविराम (::), आणि पुढे महिरपी कंसात काय करायचं ते. कळ निवडताना मात्र घाई नको. एफ-8 एक्सेलमध्ये निवड वाढवायला वापरतात, कंट्रोल-शिफ्ट-टी ब्राउझरमध्ये बंद केलेला टॅब उघडते. कंट्रोल आणि ऑल्ट मिळून काही कीबोर्ड-मांडण्यांत उजव्या ऑल्टचं काम होतं. इंग्रजी (भारत) मांडणीत त्याच जोडीला 4 दाबलं की ₹ उमटतो, म्हणून ती जोडी आकड्यांबरोबर मी टाळते. कॅप्सलॉक ही कळ बहुतेकांना नकोशीच असते. तिची स्थिती ‘ऑलवेजऑफ’ करून ‘कॅप्सलॉक & जे’ असा शॉर्टकट घेतला, की कुठल्याही प्रोग्रामशी टक्कर होत नाही.

त्यानंतर शॉर्टकटला कुंपण घालायचं. ‘#हॉटइफ’ आणि ‘विनॲक्टिव्ह’ वापरून हा शॉर्टकट फक्त एक्सेल समोर असतानाच चालेल असं बांधलं. हे नसेल तर चुकून मेल लिहिताना दाबलेली कळ मेलमध्ये सहा रकाने ओतून मोकळी होते. खिडकीची ओळख शीर्षकावरून न करता प्रोग्रामच्या फाइलनावावरून करावी, कारण एक्सेलचं शीर्षक प्रत्येक वहीबरोबर (वर्कबुकबरोबर) बदलतं. ऑटोहॉटकीबरोबर येणारं विंडो स्पाय हे छोटं साधन उघडून कुठल्याही खिडकीवर माउस नेला, की तिचं शीर्षक, फाइलनाव आणि आतल्या घटकांची नावं दिसतात.

आता ओळ उचलणं. एक्सेलमध्ये सहा पेशी निवडून कॉपी केल्या, की क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं विंडोज तात्पुरतं ठेवतं त्या जागी) टॅबने वेगळा झालेला साधा मजकूर येतो आणि शेवटी नवी ओळ चिकटलेली असते. ती नवी ओळ ‘आरट्रिम’ने काढायची आणि उरलेलं ‘स्ट्रस्प्लिट’ने टॅबवर तोडायचं. मग तुकडे मोजायचे. सहा नसतील तर तिथेच थांबून संदेश दाखवायचा. ही एक अट फार मोलाची आहे. निवड चुकली असेल, जास्तीची पेशी धरली गेली असेल, तर फॉर्मला हात लागण्याआधीच कळतं.

कॉपीचा क्रम असा ठेवावा : आधी क्लिपबोर्ड रिकामा करायचा, मग कंट्रोल-सी पाठवायचं, मग ‘क्लिपवेट’ने मजकूर येईपर्यंत थांबायचं. पहिली पायरी अनेक जण गाळतात. क्लिपबोर्डवर आधीचा मजकूर असला तर ‘क्लिपवेट’ला तो लगेच सापडतो, स्क्रिप्ट पुढे जाते आणि मागच्या ओळीचाच डेटा पुन्हा भरला जातो. ज्या चुकीची भीती म्हणून हे सगळं केलं, तीच चूक यंत्राच्या वेगाने होते. आणखी एक गोष्ट : ‘क्लिपवेट’ आणि ‘विनवेटॲक्टिव्ह’ यांना दिलेला आकडा सेकंदांत असतो, ‘स्लीप’ला दिलेला मिलिसेकंदांत. ‘स्लीप’ला 2 दिलं तर थांबल्यासारखं काहीच वाटत नाही, आणि ‘क्लिपवेट’ला 2000 दिलं तर कॉपी फसल्यावर स्क्रिप्ट अर्ध्या तासाहून जास्त अडकून बसते.

एक्सेल क्लिपबोर्डवर पेशीत जे दिसतं तेच ठेवतं, आतली मूळ किंमत नाही. म्हणून रक्कम 12,500.00 अशी स्वल्पविरामासकट येते आणि फक्त अंक मागणारा फॉर्म ती नाकारतो. स्वल्पविराम ‘स्ट्ररिप्लेस’ने काढावा लागतो. रकाना अरुंद असेल आणि पेशीत #### दिसत असेल, तर क्लिपबोर्डवरही तेच येतं. बारा किंवा जास्त अंकांचा क्रमांक साध्या स्वरूपातल्या पेशीत 1.23ई+11 असा दिसतो. पंधरापेक्षा जास्त अंक असतील तर पुढचे अंक एक्सेल शून्य करून टाकतं आणि ते परत मिळत नाहीत. सुरुवातीची शून्यंही जातात. यावर स्क्रिप्टमध्ये उपाय नाही. क्रमांकाचा रकाना डेटा भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवावा. पेशीच्या आत ऑल्ट-एंटरने ओळ तोडली असेल तर तो मजकूर अवतरणचिन्हांत येतो, त्याचीही तपासणी ठेवावी.

ब्राउझरकडे जाताना ‘विनॲक्टिव्हेट’ आणि लगेच त्याच्या मागे ‘विनवेटॲक्टिव्ह’. पहिली आज्ञा खिडकी पुढे आणायला सांगते, दुसरी ती खरंच पुढे आली का ते पाहते. दुसरी नसेल तर पहिली काही अक्षरं एक्सेलमध्येच टाइप होतात आणि निवडलेली पेशी पुसली जाते. मुदत तीन सेकंद ठेवली आणि तेवढ्यात खिडकी आली नाही तर काम सोडून द्यायचं. मुदत संपल्यावर या आज्ञा शून्य परत देतात. ते तपासलं नाही तर स्क्रिप्ट काहीच घडलं नाही असं समजून पुढे चालत राहते.

रकान्यात मजकूर भरायला ‘सेंड’ न वापरता ‘सेंडटेक्स्ट’ वापरावं. साधं ‘सेंड’ +, ^, !, # ही चिन्हं आणि महिरपी कंस यांना आज्ञा समजतं. पत्त्यात ‘#12’ असेल तर ते विंडोजची कळ आणि 1 दाबतं, म्हणजे टास्कबारवरचा पहिला प्रोग्राम उघडतो. ‘सेंडटेक्स्ट’ मजकूर जसाच्या तसा उमटवतं. देवनागरीही नीट जाते, कारण अक्षरं युनिकोड म्हणून पाठवली जातात आणि त्या वेळी कीबोर्ड मराठीवर आहे की इंग्रजीवर याने फरक पडत नाही. स्क्रिप्टच्या फाइलमध्येच देवनागरी लिहायची असेल तर फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करावी. 2.0 ती तशीच वाचते. 1.1 ला सुरुवातीला बीओएम (फाइल युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी अदृश्य खूण) लागतो, नाहीतर अक्षरांचा चुथडा होतो.

परिच्छेदभर लांब मजकूर मात्र पेस्ट करणं बरं. तेव्हा वापरणाऱ्याचा आधीचा क्लिपबोर्ड ‘क्लिपबोर्डऑल’ने राखून ठेवून नंतर परत करायचा असतो, आणि इथे एक सापळा आहे. कंट्रोल-व्ही पाठवल्यावर समोरचा प्रोग्राम क्लिपबोर्ड स्वतःच्या सवडीने वाचतो. लगेच जुना मजकूर परत ठेवला तर तोच पेस्ट होतो. मी मध्ये 300 मिलिसेकंद थांबते. नुसत्या वेळेवर विसंबलेली ही एकच जागा स्क्रिप्टमध्ये राहिली आहे, कारण पेस्ट पूर्ण झाल्याचं कुठलंही चिन्ह विंडोज देत नाही.

रकान्यातून रकान्यात जायला टॅबच वापरावा. माउसचे सहनिर्देशक घेऊन क्लिक करणं सुरुवातीला सोपं वाटतं, पण पडद्याचं प्रमाण 100 टक्क्यांवरून 125 केलं, ब्राउझरचा झूम बदलला किंवा वर सूचनेची पट्टी आली, की सगळे क्लिक सरकतात. टॅबची गणती हाताने करून पाहावी. तारखेचा रकाना क्रोममध्ये एकच थांबा नसतो. दिवस, महिना, वर्ष हे प्रत्येकी वेगळे थांबे असतात, आणि त्यांचा क्रम ब्राउझरच्या भाषेवर ठरतो. मी तारीख अंकांत तोडून तुकड्या-तुकड्याने भरते. तारीख स्क्रिप्टमधून तयार करताना ‘फॉरमॅटटाइम’मध्ये मोठ्या लिपीतला एम महिना देतो आणि छोट्या लिपीतला मिनिटं. सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी केलेली चाचणी जुलै महिना दाखवते आणि बरोबर वाटते, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

फॉर्मच्या आत काय चाललंय हे ऑटोहॉटकीला सहज दिसत नाही. जुन्या धाटणीच्या विंडोज प्रोग्राममध्ये ‘कंट्रोलसेटटेक्स्ट’ने थेट रकान्यात लिहिता येतं, ब्राउझरमधला फॉर्म म्हणजे त्याच्या दृष्टीने एकच सपाट पृष्ठभाग. म्हणून परत वाचून पाहायची युक्ती मी वापरते. रक्कम भरली, टॅब पुढे नेण्याआधी कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, आणि क्लिपबोर्डवर आलेला आकडा पाठवलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर थांबायचं. सहाही रकान्यांना हे करायची गरज नसते. रक्कम आणि क्रमांक या दोघांना पुरे. एका नोंदीमागे सेकंदाचा काही भाग वाढतो, तो द्यावा.

जतन करण्याचं बटण स्क्रिप्ट दाबत नाही. भरून झाल्यावर ती थांबते, मी फॉर्मवर नजर टाकते आणि एंटर स्वतः दाबते. जे परत फिरवता येत नाही ते माणसाच्या बोटाखाली असावं, असं माझं ठाम मत आहे.

थांबवायची कळ तर पहिल्याच दिवशी, बाकी काही लिहिण्याआधी टाकावी : कंट्रोल-ऑल्ट-क्यू आणि समोर ‘एक्झिटॲप’. ही कुंपणाबाहेर, सगळीकडे चालणारी हवी. कधी कधी स्क्रिप्ट मध्येच तुटली की कंट्रोल किंवा शिफ्ट दाबलेलीच आहे असं विंडोजला वाटत राहतं आणि साधं अक्षर दाबलं तरी भलतीच मेनू उघडते. ती कळ एकदा दाबून सोडली की सुटतं. मुळात हे होऊ नये म्हणून शॉर्टकटच्या सुरुवातीलाच ‘कीवेट’ने बोटं उचलली जाईपर्यंत थांबायचं. काय बिघडलं ते शोधायला घड्याळाशेजारच्या हिरव्या एच चिन्हावर दोनदा क्लिक करून ‘व्ह्यू’मधून कीहिस्टरी उघडावी, शेवटच्या कळा आणि त्यांमधला वेळ तिथे ओळीने दिसतो.

एखाद्याच प्रोग्राममध्ये स्क्रिप्ट मुकी होते, बाकी सगळीकडे चालते, असं झालं तर तो प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का पाहावं. साध्या अधिकाराची स्क्रिप्ट वरच्या अधिकाराच्या खिडकीला कळा पाठवू शकत नाही, विंडोज ते मुकाट्याने अडवतं. स्क्रिप्टही त्याच अधिकाराने चालवावी लागते. पासवर्ड मात्र स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये. ती साधी मजकुराची फाइल आहे, कोणीही उघडून वाचेल.

सगळं नीट चालल्यावर विंडोज-आर दाबून ‘शेल:स्टार्टअप’ लिहिलं, उघडलेल्या फोल्डरमध्ये स्क्रिप्टच्या फाइलचा शॉर्टकट-दुवा ठेवला, की संगणक सुरू होताच ती तयार असते. दुसऱ्याला देताना एक्झी (स्वतंत्र चालणारी प्रोग्राम-फाइल) करून देण्याचा मोह होतो, पण अशा फाइलींना अँटीव्हायरस वारंवार अडवतात. ऑटोहॉटकी बसवून मूळ स्क्रिप्ट द्यावी. त्या संगणकावर पहिली नोंद खोट्या डेटावर भरावी आणि तीन गोष्टी पाहाव्यात : ब्राउझर तोच आहे का, तारखेच्या तुकड्यांचा क्रम तोच आहे का, आणि टॅबची गणती जुळते का. फॉर्ममध्ये कोणी एक रकाना वाढवला की हीच गणती पहिली चुकते, म्हणून ती मी स्क्रिप्टच्या अगदी वर, स्वतंत्र व्हेरिएबलमध्ये ठेवली आहे.