मॉडेल टीचे प्लग: आठांतून चार

फोर्ड मॉडेल टी या जुन्या मोटारीसाठी जमवलेल्या आठ जुन्या चॅम्पियन एक्स स्पार्क प्लगांपैकी चार बसवण्याजोगे निघाले. दोघांची चिनी माती (वीज अडवणारा पांढरा भाग) तडकलेली, एकाचे आटे खाल्लेले, आणि आठवा मुळात एक्स नव्हताच. तो फोर्डच्याच ‘मॉडेल ए’ गाडीचा ३एक्स होता.

ही गल्लत फार सहज होते. टीच्या प्लगाला ‘अर्धा इंची’ म्हणतात, पण ते पाइपाचं माप. कॅलिपरवर आटे साधारण २१ मिमी भरतात. ३एक्सचे आटे ७/८ इंची, म्हणजे २२.२ मिमी. नजरेला दोन्ही सारखेच. म्हणून आटे मोजा: टीला इंचात १४ आणि निमुळते, ३एक्सला १८ आणि सरळ. टीचा प्लग निमुळतेपणावरच गॅस अडवतो, त्याला खाली वॉशर लागत नाही. गरम इंजिनात तो आवळू नका. हेड (सिलिंडरांवरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) थंड झालं की प्लग तिथेच जाम होतो.

एक्स खोलता येतो, हेच त्याचं मोठं सुख. रात्रभर गंज सोडवणाऱ्या तेलात ठेवा, बॉडीचा षटकोन व्हाइसमध्ये धरा आणि वरचा नट सोडवा. चिनी मातीला पकड लावून पिळलं की ती तडकलीच म्हणा. आतल्या जुन्या वॉशरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं: ओलं करूनच काढा, घासू नका. नव्या तांब्याच्या वॉशर लालबुंद तापवून पाण्यात बुडवल्या की मऊ होतात आणि नीट बसतात.

सँडब्लास्टिंग टाळाच. चिनी मातीवरची चकाकी उडाली की खरबरीत मातीत काजळी रुतते आणि ठिणगी गॅप (दोन इलेक्ट्रोडांमधली फट) सोडून पृष्ठभागावरून पळते. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

उघड्यावर ठिणगी दिसली म्हणजे प्लग चांगला, असं नाही. सिलिंडरमधल्या दाबाखाली तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून स्वच्छ, कोरड्या प्लगावर ५०० व्होल्टचा मेगर (वीज गळते का ते पाहणारा रोध-मापक) लावला. काटा अनंताजवळ राहिला, म्हणजे गळती नाही, तेच चार ठेवले. गॅप ०.०२५ ते ०.०३० इंच, वाकवायचा तो बाजूचा इलेक्ट्रोड, मधला नाही.

प्लगातून गॅस गळतो का हे पाहायला इंजिन चालू असताना वरच्या नटाच्या कडेला तेलाचा थेंब टाकला. तीन ठिकाणी बुडबुडे नाहीत, दुसऱ्या सिलिंडरवर आहेत. तिथल्या प्लगाची आतली वॉशर बदलायची आहे. चौथ्याचा प्लग तेलकट येतोय, तो पहिल्याशी अदलाबदल करून पाहायचा. तेल प्लगाबरोबर हललं नाही, चौथ्यातच राहिलं, तर पिस्टनच्या रिंगा तपासायच्या.