ख्रिस्तपुराण वाचताना झालेली माझी पंचाईत

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी ‘ख्रिस्तपुराण’, म्हणजे फादर स्टीफन्सने मराठी ओवीत सांगितलेली बायबलची कथा, घेतले तेव्हा त्यात काय सापडणार हे मला वाचण्याआधीच ठाऊक होते. सत्ता, दडपशाही, अस्मिता अशी तीन प्रकरणे आखली आणि जुळतील तेवढ्या ओव्या त्यांत बसवायच्या ठरवल्या.

मी गोव्यातल्या फोंड्याची. आमचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा, आणि ती मूळची जुन्या सासष्टीतल्या केळशीची. पोर्तुगिजांनी देवळे मोडायला घेतली तेव्हा माणसांनी तिला उचलून नदीपार, त्यांच्या हद्दीबाहेर आणले. ही गोष्ट आजीकडून इतक्यांदा ऐकली होती की पहिला मसुदा पंधरा दिवसांत हातावेगळा झाला. पोथी लिहिणारा पाद्री, त्याच्या पाठीशी राजसत्ता, म्हणून पोथी म्हणजे कावा. मार्गदर्शक सरांनी तो चाळला आणि एवढेच म्हणाले, “बाय, यात स्टीफन्स कुठे आहे? यात तुझी आजीच बोलतेय.”

दोन दिवस रागात गेले. मग पणजीत पाटोवरच्या ग्रंथालयात जाऊन पहिल्या ओवीपासून वाचायला बसले. (त्या ग्रंथालयाला नाव आहे कृष्णदास शामाचे. तोही केळशीचा, १५२६ साली त्याने कृष्णचरित्र ओवीत लिहायला घेतले. रोज पाटीखालून आत जायचे, पण हे डोक्यात शिरायला महिना गेला.)

ओव्या ११ हजारांच्या घरात. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. मधली बरीच वर्षे सासष्टीत काढली. पोथी १६१६ साली रायतूरला, म्हणजे राशोलला, छापली गेली, तीही रोमन अक्षरांत. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही. १९५६ ची पुण्याची देवनागरी आवृत्ती मिळाली, पण सरांचा आग्रह की काही भाग तरी १९०७ च्या मंगळूर आवृत्तीत, रोमन लिपीत वाच. तिथे माझी पुरती गाडी अडली. मराठी माझी, पण दर ओळीला ठेच. शेवटी वर्गातल्या मैत्रिणीला गाठले. ती राय गावची, ख्रिश्चन, लहानपणापासून रोमीत कोंकणी वाचणारी. तिने पान समोर ओढले आणि धडाधड म्हणायला लागली. शब्दांचे अर्थ मी सांगत होते आणि शब्द ती मला वाचून दाखवत होती. तीन-चार शनिवार मी बोरीचा पूल ओलांडून तिच्या घरी जात राहिले.

मोठ्याने वाचल्यावर पोथी वेगळीच ऐकू येते. स्वर्गाला स्टीफन्स ‘वैकुंठ’ म्हणतो. ग्रंथाला पुराण म्हणतो, छंद ओवीचा घेतो. ‘भासांमाजि चोखळा भासा मराठी’ ही त्याची ओळ आपण भाषणात फेकतो, पण प्रस्तावनेत तो जे सांगतो ते कोणी फेकत नाही: शुद्ध मराठी लोकांना पुष्कळदा कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. शिवाय कोंकणीचे व्याकरणही त्याचेच, त्याच्या मागे १६४० साली छापलेले. त्यामुळे आमच्याकडे मराठीवाले आणि कोंकणीवाले दोघेही त्याच्यावर हक्क सांगतात. तेवढ्यापुरता तो पाद्री असल्याचा विसर पडतो.

मी वहीत रकाने पाडले होते: कोण बोलतो, कोणाशी, आणि काय बोलता येत नाही. तिसरा रकाना बरेच दिवस कोरा. मग सुरुवातीच्याच भागात एक प्रसंग पुन्हा वाचताना थबकले. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो: आमची आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तशीच दुसरी आम्हांला का देत नाही? आणि त्या मागणीतून हे पुराण सुरू होते.

पहिल्या वाचनात ही ओवी मी ‘दडपशाहीचा पुरावा’ म्हणून टिपली होती आणि पुढे गेले होते. पुरावा तर आहेच. ज्यांनी बंदी घातली त्यांच्याच पोथीत बंदीची नोंद. पण विचारणारा माणूस बंड करत नाही आणि मुकाट मानही डोलवत नाही. कथा ऐकायची सवय सुटत नाही, एवढे तो सांगतो. त्याने धर्म बदलला असेल, पण कानाला ओवीच हवी आहे. सत्तेला त्याचे ऐकावे लागले, हे माझ्या तीन प्रकरणांपैकी कशात घालायचे?

आणि तोंड उघडतो तोही ब्राह्मणच. सासष्टीतले कुणबी, गावडे, त्यांच्या बायका यांना तिथे प्रश्न विचारायला उभे केलेले नाही. १५८३ च्या कुंकळ्ळीच्या उठावात जेझुइट मारले गेले आणि नंतर गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, दग्याने मारले, तेव्हा स्टीफन्सला येऊन चार वर्षे झाली होती. त्या माणसांना ओवी मिळाली नाही. १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने फर्मानच काढले की तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेला पोथीत हिरे-मोगऱ्याची उपमा दिली, तिच्यावर सात दशकांत ही पाळी.

हे मी मैत्रिणीला उत्साहाने वाचून दाखवत होते. माझ्या मसुद्यातले वाक्य होते, “आपल्यावर झालेल्या जुलमाची ही कबुली आहे.” ती थांबली आणि म्हणाली, “मागीर आमी कोण?” मग आम्ही कोण?

मला उत्तर सुचले नाही. पुराण मागणारा तो माणूस तिच्या पूर्वजांपैकी असण्याची शक्यता माझ्यापेक्षा जास्त होती. माझे पूर्वज देव घेऊन नदीपार गेले, तिचे मागे राहिले. आणि मी सरळ ‘आपण’ लिहून तिला एकदा आत घेत होते, एकदा बाहेर काढत होते.

घरी येऊन संगणकावर ‘आपण’, ‘आपल्या’, ‘आपला’ शोधले. ४३ ठिकाणी. प्रत्येक जागी थांबून नेमके कोण ते लिहायचे ठरवले: स्थलांतर केलेली घराणी, बाटवलेले गावकार, आजचे मराठी वाचक, मी. यात तीन आठवडे गेले आणि प्रबंधिका निम्मी झाली. तीन प्रकरणांची दोन झाली. ‘अस्मिता’चे वेगळे प्रकरण उरलेच नाही.

एक ‘आपण’ मात्र सुटता सुटेना. “केळशीहून आपण निघालो” हे वाक्य. ‘काही कुटुंबे निघाली’ असे लिहून पाहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी तसेच ठेवून दिले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पाने उलटत नेमके तिथेच बोट ठेवले. म्हणाले, “हा एक राहून गेला वाटतं?”

मी म्हटले, “राहिला नाही सर, ठेवलाय.”