ड्रायर अपडेट: ड्रम फिरतोय, पण हवा गारच

मागे सांगितलेला तो जुना व्हेंटेड ड्रायर (कपडे वाळवून दमट हवा पाइपने बाहेर फेकणारं मशीन) शेवटी उघडला. इंदुरात पावसाळा लागला की गॅलरीतले कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, त्यामुळे घरून तगादाही होताच. लक्षण तेच, मोटर चालू, ड्रम फिरतोय, टायमर सरकतोय, हवा मात्र गार. (टायमरची शेवटची काही मिनिटं कूलिंगची असतात, तेव्हा हीटर बंदच असतो, म्हणून टेस्ट फुल टायमर लावून, हाय हीटवरच करायची.)

आधी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा. अख्ख्या केबलला लावून उपयोग नाही, फेज-न्यूट्रल एकमेकांना खातात आणि मीटर शून्य दाखवतो, म्हणून फेजची वायर सुटी काढलेलं एक एक्स्टेंशन बनवून ठेवलंय, फार कामाची वस्तू आहे ती. करंट एक अँपिअरच्या आसपास, म्हणजे एकटी मोटर. प्लेटवर हीटर २००० वॅट लिहिलाय, २३० व्होल्टला त्याचे ८.७ अँपिअर आणखी दिसायला हवेत.

मग प्लग काढून, हीटरचं एक टोक सोडवून मोजलं, २६ ओहमच्या थोडं वर, हिशोबानेही तेवढंच येतं, आणि बॉडीला शॉर्ट नाही. कॉइल जिवंत. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर तोडणारा-जोडणारा स्विच) थंड असताना कंटिन्युटी देतोय, म्हणजे आतून जोडलेला आहे. हीटरच्या डब्यावरचा छोटा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की सर्किट तोडणारा) मात्र ओपन, म्हणजे तुटलेला, आणि हा एकदा उडाला की गेला, रिसेट वगैरे नाही.

जेल रोडच्या बाजारात एक जण म्हणे, “भिया, डायरेक्ट कर दो, चल जाएगा.” फ्यूज काढून वायर थेट जोडली तर चालेल हो, पण लिंट (कपड्यांतून सुटलेले धागे) पेटलं की थांबवणार कोण? त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा घेतला, दोन्ही आकडे जुन्याच्या अंगावर छापलेले असतात.

पण फ्यूज उगाच उडत नाही, हवा अडली की हीटरचा डबा तापतो. फिल्टर बरा होता, मागचा पाइप मात्र भिंतीला दाबून पार चपटा, आणि बाहेरच्या जाळीवर लिंटचा गोधडीसारखा थर, नखाने सोलला तर अख्खा हातात आला, आत कबुतराची पिसं पण. पाइप आखूड कापून सरळ बसवलाय. आता जाळीपुढे पेपरची पट्टी धरली तर आडवी फडफडते, आणि मीटरवर करंट दहाच्या जवळ चढतो, थर्मोस्टॅटने तोडलं की एकवर येतो, परत चढतो. मी ते बघत बसतो, घरचे हसतात.

ड्रमच्या पुढच्या कडेचं फेल्ट (नमद्याची पट्टी) राहिलंय, झिजून गरम हवा गळतेय. सियागंज बाजारात बघणार आहे, कोणी बदललं असेल तर किती जाडीचं घेतलं आणि उष्णतेत टिकणारा गोंद कोणता लावला ते सांगा.