बाविसाव्या मिनिटाचं भूत उतरलं, बहुतेक

आधी आकडा सांगून टाकतो, मग रडगाणं. काल पहाटे गच्चीवर ४१ मिनिटं डिजरीडू वाजवला (ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब नळीसारखं फुंकवाद्य; माझा प्लास्टिकच्या नळाच्या पाइपचा). सूर मध्ये एकदाही तुटला नाही. उठलो तेव्हा पाय बधिर झाले होते (मांडी घालून बसलो होतो, त्यात पाइपचा दोष नाही), पण बोटं सरळ होती, ओठ माझेच वाटत होते आणि खाली उतरताना कठडा धरावा लागला नाही.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना या तीन गोष्टींचं मोल कळेल.

आता एक गोष्ट मागे घ्यायची आहे. जानेवारीच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की वीस मिनिटांनंतर डिजरीडू ‘वेगळ्याच जागी नेतो’. अंग हलकं होतं, कानात समुद्र गाजतो, डोळ्यांपुढे ठिपके नाचतात, ओठांभोवती मुंग्या येतात. तुमच्यापैकी काहींनी हेवाही केला होता. तर मंडळी, ती समाधी नव्हती. माझ्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघाला होता, एवढंच.

हे कळायला फेब्रुवारीतली एक सकाळ लागली. बाविसाव्या मिनिटाला नेहमीसारखं गरगरलं, पण जिद्दीने आणखी चार मिनिटं ओढली. ही चहा घेऊन वर आली. कप घ्यायला हात पुढे केला तर अंगठा तळव्यात वळलेला आणि चारही बोटं चोचीसारखी एकमेकांना चिकटलेली. सोडवता सोडवत नव्हती. मागून आई. “ह्या आंडोरले काय व्हयनं वं माय!” म्हणत ती मीठ-मिरच्या आणायला धावली. नजर उतरवून मिरच्या तव्यावर पडल्या, ठसका उठला, सगळ्यांनी नाकावर पदर-रुमाल धरून श्वास रोखले. पाच मिनिटांत माझी बोटं सुटली. आई अजून त्याचं श्रेय घेते, आणि गंमत म्हणजे ते अगदीच चूक नाही. पुढे येतो त्यावर.

मी मात्र काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा होता. मला वाटलं, प्राणवायू कमी पडतोय. म्हणून कोरोनातला ऑक्सिमीटर शोधून बोटाला लावला आणि वाजवायला बसलो. गरगरतंय आणि काटा ९९ वर! यंत्र बिघडलं म्हणून मेडिकलवाल्याकडून दुसरं आणलं. तेही ९९. मग ठरवलं की आपणच नाकाने आणखी भरून हवा घ्यायची. दोन आठवडे भाता चालवल्यासारखा नाकाने हवा ओढत होतो, आणि बाविसावं मिनिट अठरावर आलं.

शेवटी आमच्या डॉक्टरांना पाइप घेऊन जाऊन दाखवलं. (वेटिंगमधल्या एका आजोबांनी विचारलं, “बोअरची केसिंग शे का भो?”) डॉक्टरांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हसले. ऑक्सिजन तर ठासून भरलेला होता. नडत होता तो दुसरा वायू. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो. त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर (पाऱ्याचा) असावा लागतो. तो घसरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, दर मिलिमीटरमागे रक्तपुरवठा तीन-चार टक्क्यांनी कमी होतो, म्हणून गरगर आणि ठिपके. रक्त अल्कलीकडे झुकतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, नसा उगाच ठिणग्या सोडायला लागतात, म्हणून मुंग्या आणि वळलेली बोटं. आता आईच्या मिरच्या आठवा: श्वास रोखला, वायू परत साठला, बोटं सुटली. (कागदी पिशवीत श्वास घेण्याचा घरगुती उपाय मात्र करू नका, डॉक्टरांनी दोनदा बजावलं. कारण दुसरंच काही असलं तर तो अंगाशी येतो.)

कारण कळलं म्हणजे खोड जाते असं नाही. किती जास्त हवा जाते ते मोजल्याशिवाय मला चैन पडेना. सावद्याच्या मित्राकडून केळीच्या बॉक्सात आतून घालतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. एक पिंपात ठेवून बादलीने पाणी मोजलं: ४० लिटर. मग कोरडी पिशवी चपटी करून पाइपच्या खालच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधली, पुतण्याला मोबाइलवर वेळ लावायला बसवलं आणि वाजवलं. आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो, पण येतो. पिशवी २ मिनिटं १० सेकंदांत टम्म.

म्हणजे मिनिटाला साडेअठरा लिटर. स्वस्थ बसलेल्या माणसाला सहा ते आठ पुरतात. मी मांडी घालून बसल्या बसल्या रमतगमत चालणाऱ्याएवढी हवा उपसत होतो. गरगरणार नाही तर काय.

आता कमी कशी करायची? इथे तीन आठवडे गेले. नाकाने कमी घेतली तर सूर फाटतो. सूर सांभाळला तर हवा जाते. ओठ आवळले तर तुतारीसारखा वरचा स्वर फुटतो. शेजारच्यांनी याच काळात विचारलं, “तुन्हा घरमा म्हैस बांधेल शे का भो?” आणि खरं सांगतो, त्या दिवसांत म्हैसच बरी वाजली असती.

सुटका झाली ती जळगावच्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत, आणि तीही आईच्या पोहेहाराची कडी तुटली म्हणून. तिथे सत्तरी ओलांडलेले एक सोनारकाका बसतात. मोठ्या कामाला गॅस, पण नाजूक डाक लावायची (सांधा जोडायचा) तर अजून तेलाचा दिवा आणि वाकडी पितळी फुंकणी. कडीवर टाकणखार लावला, डाकेचा तिळाएवढा तुकडा चिमट्याने ठेवला आणि फुंकणी ओठांच्या कोपऱ्यात धरली. दिव्याची ज्योत आडवी झाली, सुईसारखी निळी, आणि तशीच राहिली. मी मनात मोजत होतो. नव्वद सेकंद. ज्योत केसाएवढीही हलली नाही. गाल बेडकासारखे फुगत-बसत होते, नाकपुड्या मधूनच थरथरायच्या, आणि त्यातच भुवयांनी ते पोराला चहा सांगत होते.

मी अक्षरशः त्यांचे पाय धरले. काका म्हणाले, “फुकानं नई रे भो. गाल पिळाना.”

फुंकायचंच नाही. गाल पिळायचे. आपण सगळे गोलश्वास (सूर न तोडता मधूनच नाकाने श्वास घेणं) शिकताना उलटं शिकतो: छातीने फुंकायचं आणि नाकाने हवा घ्यायच्या तेवढ्या क्षणाला गालांनी वेळ मारून न्यायची. काकांच्या हिशेबात सूर कायम गालांच्याच ताब्यात. छातीचं काम फक्त गालांची टाकी भरत राहणं. नाक हवा पीत नाही, नुसतं हुंगतं. त्यांनी सरावही दिला: नळीने उदबत्तीचं टोक फुंकत राहायचं, लाली एकसारखी राहिली पाहिजे. भडकली तर जास्त फुंकलंस, काळवंडली तर तुटलास. दोन दिवस केलं. अभ्यास अचूक आहे, पण धुराने नाक भरतं. मी पेल्यातलं पाणी आणि शहाळ्याची स्ट्रॉ यावर आलोय. बुडबुड्यांचा आवाज एकसारखा राहतो का, एवढं ऐकायचं.

बारा दिवसांनी परत केळीची पिशवी: ४ मिनिटं ४० सेकंद. मिनिटाला साडेआठ लिटर! पुतण्याने शिट्टी मारली. दहावीच्या निकालालाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

थोडं श्रेय पाइपच्या ओठ टेकवायच्या तोंडालाही. आतला व्यास ३२ मिलिमीटर होता, तो मेणाने २८ वर आणला. विरोध वाढतो, हवा कमी लागते. मेणाबद्दल मात्र तक्रार आहे. ऑनलाइन ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हणून मागवलेल्या पांढऱ्या वड्यांना वास मेणबत्तीचा. यावलच्या बाजारात सातपुड्याकडचं मिळालं ते तपकिरी, हाताला चिकट, मधाच्या वासाचं, आणि निम्म्या भावात. तरी भुसावळचा उन्हाळा तो उन्हाळाच. मेण वितळायला बासष्टच्या वर अंश लागतात, पण मऊ ते चाळिशीच्या अलीकडेच पडतं. दुपारी ओठ टेकवले की कडा बसते आणि २८ चे ३० होतात. थोडी राळ मिसळून बघतोय. फार घातली की कडा ठिसूळ होऊन तुकडा उडतो. प्रमाण जमलं की लिहीन. तोवर पाइप माठाशेजारी ओल्या फडक्यात.

आता मूळ प्रश्न, जो सगळेच विचारतात: इतका वेळ वाजवून होतं काय?

घोरणं कमी होतं, हे पहिलं. यावर प्रयोग झालेला आहे. स्वित्झर्लंडमध्ये मध्यम झोप-श्वासरोधाचे (झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचे) २५ रुग्ण घेतले, त्यातल्या १४ जणांनी चार महिने रोज साधारण २५ मिनिटं वाजवलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो छापून आला. दिवसाची पेंग कमी झाली, झोपेत श्वास अडखळणं कमी झालं, शेजारी झोपणाऱ्यांनाही फरक पडला. घशाच्या वरच्या भागातले स्नायू कमावले जातात, हे त्यामागचं अनुमान. २०१७ मध्ये त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं, तेही शांततेचं! त्यांचाही पाइप प्लास्टिकचा आणि सुमारे १३० सेंटिमीटरचा होता, तेव्हा माझ्या नळाच्या पाइपला हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पण रुग्ण मोजकेच होते, आणि झोपेच्या गुणवत्तेच्या मोजणीत म्हणावा असा फरक दिसला नव्हता, हेही खरं. ज्यांना रात्री श्वासाचं मशीन लावायला सांगितलंय त्यांनी मशीन काढून पाइप धरू नये. माझ्यापुरतं: ही म्हणते, आधी मालगाडी होती, आता शटल आहे.

ओठ सुजतात, गालांचे स्नायू चौथ्या-पाचव्या दिवशी दुखतात, त्याबद्दल आधी लिहून झालंय.

मनाचं सांगणं कठीण आहे, कारण जे मोठं वाटत होतं ते खोटं निघालं. कालच्या ४१ मिनिटांत ठिपके नाहीत, समुद्र नाही. पहिली दहा मिनिटं ओठांकडे लक्ष. मग वीसेकपर्यंत निव्वळ कंटाळा: शिफ्टची अदलाबदल, गॅसचं बुकिंग, कुणाला काय बोललो. त्यानंतर केव्हातरी सूर हनुवटीच्या हाडात गुणगुणायला लागला. ६५ हर्ट्‌झच्या आसपासचा खर्ज, पेटीची पांढरी एक, कानापेक्षा अंगातच जास्त ऐकू येतो. आणि माझ्या लक्षात आलं की बराच वेळ मी काहीच घोळवत नव्हतो. ऑक्सिमीटरवर नाडी ७१. जानेवारीत याच मिनिटाला १०४ असायची! ‘वेगळ्या जागी’ वगैरे कुठे गेलो नाही. गच्चीवरच होतो, पहिली चिमणी ऐकली.

‘हे भ्रामरीसारखंच ना?’ असं विचारणाऱ्यांसाठी: नाही. गुंजारव करताना आवाज नाकातून जातो, आणि त्याने नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण शांत श्वासाच्या पंधरापट होतं, हे २००२ मध्ये मोजलेलं आहे. डिजरीडूत हवा तोंडाने जाते आणि मऊ टाळू बहुतेक वेळ नाकाची वाट बंद ठेवतो. एकाचे फायदे दुसऱ्याच्या खात्यावर लिहू नका.

आणि लिहिता लिहिता एक गोष्ट टोचायला लागलीय. मुळात हे तासभर एकट्याने घुमवणं आपल्यासारख्यांनी काढलेलं खूळ आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात अर्नहेम लँडचे योलंगू लोक ज्याला यिदाकी म्हणतात, तो वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचा असतो आणि वाजतो गायकाच्या व टिपऱ्यांच्या जोडीने. एकेक गाणं थोडक्यात संपतं, मग पुढचं. आपण त्यातला सूर तेवढा उचलला आणि गाणं सोडून दिलं. गुढीपाडव्याला ६० मिनिटांचा घाट घातला होता, तो रद्द. त्याऐवजी पुतण्याला टिपऱ्या देऊन दोन-दोन मिनिटांचे तुकडे बसवावेत म्हणतो.

रात्रभराचंच वाजवणं बघायचं तर लांब कशाला जा? साक्री-नवापूरकडे मार्गशीर्षात आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते. भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे शिंग, आणि दम तोच, गोल. ती माणसं नाचणाऱ्यांच्या मध्ये रात्रच्या रात्र वाजवतात आणि त्यांची बोटं वाकडी झालेली कुणी ऐकली नाहीत. त्यांच्या गालांकडे बघायला यंदा जायचं पक्कं केलंय. केळीची पिशवी नेणार नाही. देवाच्या कामात पिशव्या बांधणं बरं दिसत नाही.

त्याआधी रविवारी जळगाव. सोनारकाकांनी पाइप आणायला सांगितलाय. एकदा फुंकून बघतो म्हणाले, पण त्यासाठी कवळी काढावी लागेल आणि ती सुनेसमोर काढणार नाहीत, म्हणून ती माहेरी गेलेली असताना ये म्हणाले.