सासूबाईंचं माहेर शोधताना

माझ्या अमेरिकन सासूबाईंच्या माहेरचे लोक मूळचे ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा हुकूमनामा रद्द केला आणि यांचं धर्मस्वातंत्र्यच गेलं, देश सोडायलाही बंदी होती तरी लाखो लोक लपतछपत निघाले, कोणी हॉलंडला, कोणी इंग्लंडला आणि तिथून काही जण अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातलं न्यू पाल्ट्झ हे ह्युगेनॉटांचं गाव तर त्याच्याही आधीचं, १६७८ चं, तिथली जुनी दगडी घरं बघताना खरंच गलबलून आलं मला.

शोधाशोध करताना खरी अडचण आडनावांची हो! इंग्रजांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहून टाकलं, काहींनी तर स्वतःच नाव बदललं, अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रसिद्ध पॉल रिव्हिअरचे वडील मुळात अपोलोस रिव्वार होते, यावरून कल्पना करा. त्यामुळे एकच स्पेलिंग धरून बसू नका, नाव मोठ्याने उच्चारून बघा. आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आधी बघा, न्यू पाल्ट्झच्या नोंदी सुरुवातीला फ्रेंचमध्ये, मग डच, मग इंग्रजी. बाप्तिस्म्याचे साक्षीदार तर नक्की वाचा, बहुतेकदा नात्यातलेच असतात, आम्हाला एका पणजीचं माहेर तिथेच सापडलं, सासूबाई कितीतरी वेळ त्या पानावर हात ठेवून बसल्या होत्या.