तीन बाटल्या पाणी

२३ मार्च २०११, बुधवार. भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पात अपघात झाला, त्याला बारा दिवस झाले होते. दुपारी लेकीच्या दुधासाठी पाणी उकळत ठेवलं होतं. ती तेव्हा आठ महिन्यांची होती. माझं दूध सहाव्या महिन्यातच आटलं, त्यामुळे डब्यातल्या पावडरीवरच सगळी भिस्त. तोक्योच्या निशी-कासाईत राहायला येऊन आम्हाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि माझं जपानी भाजीच्या दुकानापुरतं होतं. टीव्ही चालू होता. त्यातले दोनच शब्द मला नीट कळले : 'सुईदो' म्हणजे नळाचं पाणी आणि 'न्यूजी' म्हणजे तान्ही बाळं. आणि पडद्यावर एक आकडा, २१०.

मी गॅस बंद केला.

नवऱ्याला ऑफिसात फोन करून नीट समजून घेतलं. कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन-१३१ सापडलं होतं, लिटरमागे २१० बेकरेल (पदार्थात किती किरणोत्सार आहे ते मोजायचं एकक). मोठ्यांसाठी मर्यादा ३००, एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी १००. तोक्योच्या सगळ्या २३ वॉर्डांत आणि आणखी पाच शहरांत बाळांना नळाचं पाणी देऊ नका असं सांगितलं होतं. कानामाचीचं केंद्र एदो नदीचं पाणी घेतं आणि आम्ही राहत होतो एदोगावा वॉर्डात. दोन दिवस पाऊस पडत होता, आणि त्या पावसानेच हवेतलं आयोडीन खाली आणलं होतं. नमुना घेतला होता २२ तारखेच्या सकाळी नऊला. आम्हाला कळलं २३ च्या दुपारी. मधल्या वेळात किती बाटल्या दूध पोटात गेलं ते मी बोटांवर मोजलं. सहा.

तेवढ्यात राजापूरहून बाबांचा फोन आला.

"काय गो, पाणी उकळून घे ना. उकळलं की काय राहतंय?"

कोकणात जन्म गेलेल्या माणसाचा हा उपाय. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की उकळायचं, तुरटी फिरवायची. मलाही तेच वाटलं होतं. पण आयोडीन उकळून जात नाही. उलट वाफेने पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. हे मला त्या संध्याकाळी कळलं. त्याला एकच उपाय, थांबणं. आठ दिवसांत ते निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं. पण आठ महिन्यांच्या बाळाला आठ दिवस थांब म्हणून कसं सांगणार?

नवरा येताना सहा दुकानं फिरून आला. पाण्याचे रॅक रिकामे. एका ठिकाणी फक्त सोड्याचं पाणी उरलं होतं. परदेशी मिनरल वॉटरमध्ये क्षार जास्त असतात, ते बाळाच्या दुधाला चालत नाही असंही लोक सांगत होते. रात्री आठच्या सुमारास शेजारच्या आजींनी दार वाजवलं. भूकंपासाठी म्हणून त्यांनी साठवून ठेवलेली दोन लिटरची बाटली त्यांच्या हातात होती. "आकाचान नि," एवढंच म्हणाल्या. बाळासाठी. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटी राहायची, आणि त्या दिवशी तोक्योत पाण्याची बाटली म्हणजे काय होतं ते तिला माझ्याहून जास्त कळत होतं. त्या रात्री मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाकडून पाणी मिळालं. प्रत्येक बाळामागे ५५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या. तोक्योत अशी ऐंशी हजार बाळं धरली होती आणि दोन लाख चाळीस हजार बाटल्या वाटायला काढल्या होत्या. मी लेकीचं बोशी-तेच्यो, म्हणजे आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींची वही, हातात धरून रांगेत उभी होते. पुढे-मागे सगळ्या आयाच. कोणी ढकलत नव्हतं, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. रांगेत असतानाच बातमी आली की त्या सकाळचा आकडा ७९ आहे, बंदी उठली.

त्या दोन दिवसांचा मी इतक्या वर्षांत पुष्कळ विचार केला आहे. १०० बेकरेलची मर्यादा ही बराच काळ रोज तेच पाणी प्यायलं तर, या हिशेबाने ठेवलेली असते. त्या सहा बाटल्यांनी माझ्या मुलीचं काही बिघडलं असेल असं मला आज वाटत नाही. ती आता पंधरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच. पण २३ तारखेआधीचे बारा दिवस मला जास्त जड गेले होते. तेव्हा स्फोट दिसत होते आणि आकडे नव्हते. १२ ला पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीचं छप्पर उडालं, १४ ला तिसऱ्या, १५ च्या सकाळी चौथ्या. मुख्य कॅबिनेट सचिव एदानो निळा कामगारी डगला घालून रोज टीव्हीवर यायचे आणि एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा, 'तादाचि नि'. म्हणजे ताबडतोब. ताबडतोब आरोग्यावर परिणाम होईल असं नाही. हा शब्द मी डिक्शनरीत शोधला आणि त्यानंतर मला झोप लागेना. ताबडतोब नाही, मग कधी?

अशा रिकाम्या जागेत अफवा घुसतात. गळ्याला बेटाडिन लावा, पावसात जाऊ नका, असा एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या नावाने खोटा एसएमएस तेव्हा आशियाभर फिरत होता, तो आईला राजापुरात आला. तिने भाबडेपणाने मला वाचून दाखवला. इथे लोक आयोडीन असलेलं गुळण्यांचं औषध प्यावं का म्हणून विचारत होते. ओळखीतली चार मराठी कुटुंबं मिळेल त्या विमानाने परत गेली. आम्ही थांबलो. धैर्य वगैरे काही नव्हतं, लेकीचा पासपोर्ट अजून आला नव्हता.

आणि हे सगळं आमचं, फुकुशिमा दाइइचीपासून सव्वादोनशे किलोमीटरवरचं. नामिए गावाचं काय झालं ते मला नंतर कळलं आणि ते मी विसरू शकत नाही. प्रकल्पाच्या जवळचं हे गाव. १२ तारखेला लोक वायव्येकडे डोंगरातल्या त्सुशिमा भागात गेले, कारण ते लांब होतं, सुरक्षित वाटत होतं. हजारो माणसं शाळांमध्ये, सभागृहांत दाटीने राहिली. पोरं बाहेर खेळत होती, बाया उघड्यावर चुली मांडून भात शिजवत होत्या. १५ ला वारा नेमका त्याच बाजूला वळला आणि पाऊस-बर्फाबरोबर सगळं तिथेच उतरलं. जपानकडे 'स्पीडी' नावाची यंत्रणा होती, किरणोत्सार वाऱ्याबरोबर कुठे जाईल याचा अंदाज देणारी, अशा दिवसासाठीच अफाट खर्च करून उभी केलेली. भट्टीतून नेमकं किती बाहेर पडलं ते माहीत नसल्याने अंदाज खात्रीचे नव्हते, म्हणून ते दाबून ठेवले गेले. १४ मार्चला ते अमेरिकी लष्कराकडे गेले होते. जपानी जनतेसमोर पहिला नकाशा आला २३ मार्चला. ज्या दिवशी मी गॅस बंद केला, त्याच दिवशी.

माझ्या बाळाच्या पाण्याचा आकडा मला एका दिवसाने कळला. त्सुशिमातल्या आईला तिच्या डोक्यावरच्या ढगाची दिशा कोणी सांगितलीच नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही किरणोत्सार मोजायला शिकलो. तोक्योचा रोजचा आकडा शिंजुकूतल्या एका सरकारी संस्थेच्या इमारतीवरून यायचा. यंत्र जमिनीपासून सुमारे १८ मीटर उंच. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, तिचं नाक जमिनीपासून वीतभर वर. हा मुद्दा आमच्यासारख्या हजारो आयांनी लावून धरला, आणि जूनपासून वॉर्ड बागांमध्ये, शाळांच्या मैदानांत जमिनीलगत मोजायला लागले. त्याच महिन्यात आमच्याच वॉर्डातल्या कचरा जाळायच्या भट्टीच्या राखेत किलोमागे ९,७४० बेकरेल किरणोत्सारी सीझियम निघालं. मर्यादा ८,००० होती. रस्त्यावरची पानं, कापलेलं गवत, सगळं शेवटी भट्टीत जातं, आणि राखेत गोळा होतं.

आम्ही चार घरांनी वर्गणी काढून एक गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं छोटं यंत्र, घेतला. पहिल्या दिवशी तो मित्राच्या काउंटरच्या दुप्पट दाखवत होता. एकाच बाकावर एक म्हणतो तासाला ०.१२ मायक्रोसीव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या किरणोत्साराचं माप), दुसरा म्हणतो ०.२५. मग हळूहळू कळलं की एका नजरेत दिसलेला आकडा धरायचा नसतो, थांबायचं, दहा वेळा बघायचं, सरासरी काढायची. स्टेशनासमोरच्या ग्रॅनाइटच्या फरशीवर आकडा चढतो, कारण दगडात मुळातच थोडा किरणोत्सार असतो. छपराच्या पन्हाळीचं पाणी जिथे पडतं तिथली माती, गटाराचं तोंड, घसरगुंडीखाली साचलेला पाला, या जागा आधी बघायच्या. 'सेफकास्ट' या लोकांनीच चालवलेल्या मोजणी-प्रकल्पाची माणसं तर गाडीच्या खिडकीला यंत्र अडकवून फिरत होती. दर पाच सेकंदाला एक नोंद, आणि सगळ्या नोंदी जगाला खुल्या. आज तिथे कोट्यवधी नोंदी आहेत. कोणीही बघा, कोणीही तपासा.

लोकांच्या मोजण्याची अधिकारी मंडळींना धास्ती असते, घबराट पसरेल म्हणून. मला सेतागाया वॉर्डाची गोष्ट आठवते. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे एका पायवाटेवर तासाला २.७ मायक्रोसीव्हर्टपर्यंत आकडा लागला. सगळ्यांना वाटलं फुकुशिमाचंच. शोधत गेले तर शेजारच्या रिकाम्या घराच्या जमिनीखाली रेडियमच्या जुन्या बाटल्या निघाल्या, कित्येक वर्षांपूर्वी कोणी ठेवून दिलेल्या. म्हणजे लोकांनी मोजलं नसतं तर त्या बाटल्या आजही तिथेच असत्या.

बाबांशी या सगळ्यावर बोलणं व्हायचं, कारण बाबा स्वतः मोजणारे. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले, आणि परसात त्यांचं स्वतःचं पर्जन्यमापक आहे. सरकारी पर्जन्यमापक आहे, मग हे कशाला, असं मी लहानपणी विचारायचे. ते म्हणायचे, तिथला पाऊस तिथला, आपल्या परसातला आपला. राजापुरात नदीचं पाणी जवाहर चौकात कधी शिरणार याचा अंदाज अर्ध्या गावाला लागतो, पण बाबांच्या वहीत तो मिलिमीटरमध्ये असायचा.

२०११ च्याच एप्रिलमध्ये, १८ तारखेला, जैतापूर अणुवीज प्रकल्पाच्या विरोधातल्या आंदोलनात साखरी नाटे गावात पोलिसांनी गोळीबार केला, एक जण गेला. माडबनच्या सड्यावर १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या उभारायचा बेत. आमच्या घरापासून हे सगळं एसटीच्या अंतरावर. बाबा ना कट्टर विरोधक होते, ना समर्थक. त्यांचा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी मला तोक्योत फोन करून विचारला : "तिकडे मोजतंय कोण? ज्याची भट्टी तोच?"

मी शोधून सांगितलं. जपानची सुरक्षा बघणारी संस्था ज्या मंत्रालयाखाली होती, त्याच मंत्रालयाकडे अणुवीज वाढवायचंही काम होतं. अपघातानंतर, सप्टेंबर २०१२ मध्ये, ती मोडून वेगळं नियमन प्राधिकरण उभं केलं. आपल्याकडे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'कॅग'ने अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवर असंच बोट ठेवलं. बाबांनी ते कात्रण वहीत चिकटवलं, पावसाच्या आकड्यांशेजारी.

२०१८ च्या शरदात आम्ही आइझुला फिरायला गेलो. फुकुशिमा प्रांताचा हा पश्चिमेकडचा डोंगरी भाग, प्रकल्पापासून लांब. एका शाळेच्या कुंपणाआत किरणोत्सार मोजून दाखवणारं मॉनिटरिंग पोस्ट होतं. पांढरा खांब, वर सोलर पॅनल, लाल दिव्यांचे आकडे. लेक आठ वर्षांची, तिने वाचलं : शून्य पूर्णांक शून्य सहा. प्रांतभरातल्या अशा सुमारे तीन हजारांपैकी चोवीसशे काढायचा प्राधिकरणाचा विचार होता. आकडे खाली आलेत, देखभालीचा खर्च कशाला, हा त्यांचा हिशेब. कुंपणाजवळ एक बाई मुलाला न्यायला आली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कमी आहे हे मला माहीत आहे. पण कमी आहे हे रोज दिसायला हवं. भट्टीतलं काम अजून कित्येक वर्षं चालणार आहे." गावोगावच्या बैठकांत आया हेच बोलत होत्या.

मे २०१९ मध्ये प्राधिकरणाने तो बेत मागे घेतला, पोस्ट तूर्त राहणार असं ठरलं. मी त्याच संध्याकाळी राजापूरला फोन लावला. तिकडे दुपार होती, उकाडा, पाऊस यायला अजून अवकाश.

"किती म्हणालीस?"

"तीन हजारांच्या आसपास, बाबा."

"आणि ते काढू नकात म्हणून सांगितलं कोणी?"

"आयांनी."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांब गो जरा. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात कुंभारणीने घर केलंय. पाऊस लागायच्या आत ते काढतो, मग मीच लावतो फोन."