पाण्याचा ताळेबंद मांडताना : विहिरीतला टेप आणि उपग्रहाची चित्रं

सिन्नरच्या पूर्वेकडचं आमचं गाव, म्हणजे ऐन पर्जन्यछायेतलं. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद करायचं ठरलं आणि मापं-हिशेबाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात विहिरींपासून केली. मोटार चालू असताना घेतलेली पातळी काही कामाची नाही. त्यात शेतीची लाइट एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्यात रात्री. रात्रपाळी असली की पहाटे गेलं तरी उपसा चालूच, म्हणून दिवसपाळीच्या आठवड्यातल्या पहाटेची वाट बघायची. टेपला वजन बांधून सोडायचा, पाण्याला टेकला की आकडा वाचायचा आणि कठड्याची उंची वजा करायची.

पिकांची खरी अडचण. सातबाऱ्यावर बाजरी, शेतात डाळिंब! म्हणून सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं उतरवली. फुकट मिळतात, साधारण ५ दिवसांनी नवं चित्र येतं, चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० बाय १० मीटर. पावसाळ्यात मात्र नुसते ढग, त्यामुळे रब्बी आणि उन्हाळ्यावरच भर दिला.

एप्रिलच्या चित्रात शिवारभर पाण्याचे चौकोन दिसले. चित्रावरून गाव पाणीदार, टेपवरून विहिरी तळाला. ही प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी हिवाळ्यात विहिरींतूनच भरलेली. वर ३० बाय ३० मीटरचं, उतरत्या काठांचं, ३ मीटर खोल तळं म्हणजे सुमारे २० लाख लिटर पाणी जमिनीखालून उचलून उन्हात मांडलेलं. ते जमेला धरलं असतं तर हिशेबच उलटा झाला असता. पण तळं भरायला केलेला उपसा आणि डाळिंबाची गरज दोन्ही खर्चात धरली तर तेच पाणी दोनदा मोजलं जातं. शेवटी पिकाची गरज चित्रातल्या क्षेत्रावरून काढली आणि तळ्यांचं फक्त बाष्पीभवन वेगळं लावलं. यावर तळंवाल्यांशी बरीच वादावादी झाली.

‘उपग्रह भूजलही मोजतो म्हणे, मग विहिरीत वाकून कशाला बघता?’ असंही एकानं विचारलं. मोजतो ना. २००२ साली सोडलेल्या ग्रेस उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून ते दाखवलं, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचं. त्यात अख्खा नाशिक जिल्हासुद्धा वेगळा काढता येत नाही, तिथं आमचा मळा कुठला दिसायला!

ताळेबंदात तूट निघाली. ती चावडीच्या भिंतीवर रंगवली आहे. उन्हाळ कांद्याचं क्षेत्र कोणी कमी करायचं, यावर अजून एकमत नाही.